पाठमोरी हजेरी

सिसिलिया बाईंचा चेहरा मी एकदाच पाहिला, तोही खिडकीतून आणि फार तर पाच मिनिटं. चित्रकलेच्या मास्तरानं असं सांगणं जरा लाजिरवाणंच आहे. एकाच शाळेत, एका लाकडी पार्टिशनच्या दोन बाजूंना, आम्ही आठ-नऊ महिने शिकवलं. त्यांच्या कपाळावरच्या तीन आडव्या रेषा, डाव्या भुवईतला जुना व्रण, चष्म्याची दोऱ्यानं बांधलेली काडी, हे सगळं मी आत्ताही न बघता काढून दाखवीन. नाकाच्या खाली मात्र माझा कागद कोरा राहायचा. तिथं कायम मास्क होता.

घोडेगावच्या अलीकडे, हायवे सोडून दोन किलोमीटर आत, कॅथलिक मिशनची आमची शाळा. एका अंगाला चर्च, दुसऱ्या अंगाला सिस्टर लोकांचं कॉन्व्हेंट, मधे शाळा आणि मागे उसाचं रान. कोरोनात बंद पडलेले वर्ग उघडले त्याच आठवड्यात मी तिथं रुजू झालो. तिसगावहून मोटारसायकलवर जेवढी धूळ खाता येईल तेवढी खाऊन पोचलो, तर गेटपाशी एक बुटक्या, ताठ बाई सॅनिटायझरची बाटली घेऊन उभ्या. त्यांनी माझे दोन्ही तळहात भिजवले, गळ्यात लोंबणाऱ्या माझ्या मास्ककडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ड्रॉइंगचे नवीन सर ना? मग हनुवटी कशाला झाकलीय? नाक कुठं असतं ते तुम्हाला तरी माहीत पाहिजे." त्या दिवसापासून मी 'ड्रॉइंग' झालो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही.

गाव त्यांना शिसलाबाई म्हणायचं. सिसिलिया हे नाव उच्चारायला वेळ कुणाला होता? लग्न केलं नव्हतं. तीस वर्षं पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले होते, म्हणजे गावातल्या निम्म्या आई-बापांचे कान त्यांनी पिळलेले होते आणि आता त्यांच्या पोरांचे पिळत होत्या. पहिलीला घेतलेला वर्ग दुसरीला स्वतःच वर न्यायचा, हा त्यांचा हट्ट. डबा खायला त्या स्टाफरूममध्ये बसायच्या नाहीत. मागच्या चिंचेखाली, उसाकडे तोंड आणि आमच्याकडे पाठ करून, दहा मिनिटांत जेवण उरकून, मास्क चढवूनच वळायच्या. मी एकदा मुद्दाम मीठ मागायच्या निमित्तानं त्या बाजूनं गेलो. माझी चाहूल लागायच्या आत मास्क जागेवर होता. "ड्रॉइंग, मीठ आतल्या कपाटात असतं," त्या न वळताच म्हणाल्या. मी तोंडातून अजून शब्द काढलेला नव्हता.

ही पाठ करायची सवय त्यांच्या हजेरीतही होती. प्रार्थना संपली की त्या वर्गाकडे पाठ करायच्या, फळ्यावर वार, तारीख, सुविचार लिहायला घ्यायच्या आणि लिहिता लिहिता एकतीस नावं तोंडपाठ पुकारायच्या. रजिस्टर टेबलावर मिटलेलंच. पोरं एकेक करून "हजर बाई" म्हणायची. कुणी दोस्तासाठी खोटी हजेरी दिली की बाईंचा खडू थांबायचा. "हा आवाज दानिएलचा. दानिएल, तू दोन ठिकाणी बसलायस का?" शेवटी टेबलाशी येऊन सगळ्या खुणा एका दमात रजिस्टरात भरायच्या, आणि त्या कधी चुकल्याचं कुणाला आठवत नव्हतं. मी एकदा विचारलं, समोर बघून हजेरी घेतली तर काय बिघडेल? तर म्हणाल्या, "डोळ्यांवर माझा भरवसा राहिला नाही, ड्रॉइंग. कानांनी मला अजून फसवलेलं नाही." मला तेव्हा वाटलं, मोतीबिंदूबद्दल बोलताहेत.

शाळेचे शिपाई अगस्तीन मामा बाईंचं फार कौतुक सांगायचे. दिवाळी झाली की आमच्याकडच्या बऱ्याच घरांची बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर उसाच्या फडावर जातो आणि पोरंही पाच-सहा महिने आई-बापांबरोबर गायब होतात. बाकीचे शिक्षक ती नावं वगळून पुढं जातात. बाई वगळायच्या नाहीत. नाव पुकारायच्या, आणि पोरगं नसलं की त्याच्याच आवाजात स्वतः उत्तर द्यायच्या. "गेलेल्या पोराचा आवाज अस्सा काडायच्या," मामा सांगत, "की खिडकीभाईर हुबं ऱ्हायलं तर वाटावं, पोरगं फडावरनं आलं बी. बोबडं आसंल तर बोबडं, शेंबडं आसंल तर शेंबडं. पोरं हसून हसून बेजार. चैतात ती पोरं माघारी यायची, तर वर्गाला त्यांचा इसर पडलेलाच नसायचा." मग मामांनी आवाज खाली आणला. "पर बंदीच्या सालानंतर बाईंनी ते सोडलं. शाळा उघडल्यापासनं कुनाचाच आवाज काढीत न्हाईत."

मी ते ऐकलं आणि गंमत म्हणून सोडून दिलं. सगळं माझ्या कानावर आलेलं होतं, एवढंच मला आज म्हणायचं आहे.

बाईंच्या वर्गात सुवार्ता नावाची एक मुलगी होती. दुसरी लाट आली तेव्हा ती बालवाडीत होती आणि त्याच लाटेत तिची आई, मनीषा, गेली. वडील प्रकाश नागापूरच्या एमआयडीसीत कामाला, आठवड्यातून एकदा घरी. पोरीला आजी सांभाळायची. सुवार्ताचा मास्क आईच्या साडीचा होता, जांभळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. ती हजेरीला मान हलवायची, पण आवाज काढायची नाही. शाळेत तिचं बोलणं कुणी ऐकलेलं नव्हतं. बाई तिचं नाव पुकारायच्या, पाठमोऱ्याच, आणि वर्ग शांत व्हायचा. दोन श्वासांइतका वेळ जायचा. मग कुणीतरी म्हणायचं, "हाय ना, बाई."

पहिल्यांदा पार्टिशनच्या अलीकडून हे ऐकलं तेव्हा मी नववीच्या पोरांना पाण्याचा घडा काढायला शिकवत होतो. आवाज लहान मुलीचा नव्हता. पिकलेला, थोडा घोगरा, घरातलं काम हातात ठेवून उत्तर द्यावं तसा बाईमाणसाचा आवाज होता. मला वाटलं कुणी पालक दारात आलं असेल. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आला. तिसऱ्या दिवशी मी व्हरांड्यातून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. दार बंद होतं. आत एकतीस पोरं, एकतीस मास्क, आणि फळ्याशी बाईंची पाठ. "सुवार्ता प्रकाश," बाई म्हणाल्या. खडू चालत राहिला. सुवार्तानं मान हलवली. "हाय ना, बाई." कुणाचे ओठ हलले ते कसं दिसणार? तिथं ओठच नव्हते. पुढचं नाव पुकारलं गेलं, पोरांनी इकडं तिकडं बघितलंसुद्धा नाही. माझ्या मानेवरचे केस मात्र उभे राहिले ते दुपारपर्यंत खाली बसले नाहीत.

मी अगस्तीन मामांना खिडकीशी आणलं. ते ऐकून मामांनी क्रूसाची खूण केली. "सर, ही मनीषा हाय," ते म्हणाले. "सुवार्ताची आई. ती बी बाईंच्याच वर्गात हुती. सगळी पोरं हजर म्हनायची, ही येकटी म्हनायची, हाय ना, बाई. लई मार खाल्ला त्यापाई, पर सोडलं न्हाई."

दानिएलला मी गोळी देऊन विचारलं, "काय रे, सुवार्ताच्या वेळी कोण बोलतं?"

"तिची आई," तो गोळी चघळत म्हणाला. आज वार कोणता, याचं उत्तर द्यावं तसं.

"कुठून बोलते?"

"फळ्यातनं."

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पोरं काहीही बोलतात असं मनाशी म्हणालो.

आता मास्कचं. सरकारनं मास्क ऐच्छिक केले, बाकीच्या वर्गांत पोरांनी ते आधी खिशात आणि मग गटारात घातले. बाईंच्या वर्गात मात्र नियम तसाच. जून उजाडला, दुसरीचा वर्ग सुरू झाला, तरी एकही नाक उघडं नाही. मास्क विसरलेल्या पोराला बाई स्वतःच्या पिशवीतला धुतलेला मास्क द्यायच्या. शाळेत दोन तट पडले. पहिलीच्या जाधव बाई म्हणायच्या, पोरांचे उच्चार कळत नाहीत, 'प' आणि 'फ' सारखेच ऐकू येतात, वाचन शिकवायचं कसं? हायस्कूलचे एक सर, ज्यांचे वडील त्या लाटेत गेले होते, ते एवढंच म्हणायचे, कुणाला घालायचा असेल तर घालू द्या. मधल्या सुट्टीत लोक वेगवेगळ्या बाकांवर बसायला लागले. मुख्याध्यापिका सिस्टर दोन्हीकडे मान हलवायच्या. बाई या वादात तोंड घालायच्या नाहीत. विचारलं तर म्हणायच्या, "माझ्या वर्गात एक जण तरी काढणार नाही. मग एकटीनं का घालावा? सगळ्यांनी घालू दे." ती एक कोण, हे सगळ्यांना माहीत होतं. पण तिचा हात धरून मास्क काढायला सांगायचं धाडस कुणाचंच नव्हतं. माझंही नव्हतं.

त्याच सुमारास सिस्टरांनी मला बाईंच्या वर्गाला आठवड्यातून एक तास दिला. मी पोरांना घर काढायला सांगितलं. एकतीसपैकी तीस घरं मी आयुष्यभर बघत आलेली घरं होती, दोन डोंगर, मधून सूर्य, जो आमच्या पाथर्डीकडून कधी असा उगवत नाही. सुवार्ताचं घर उलटं होतं. छप्पर खाली, दार वर. मी कागद फिरवून दिला. तिनं तो परत फिरवला. मग मी बघत राहिलो. ती बाकाच्या पलीकडच्या बाजूला कुणी उभं आहे असं धरून काढत होती. त्या उभ्या असलेल्याला घर सरळ दिसावं म्हणून स्वतःच्या बाजूनं सगळं उलटं. तिचे आकडेही तसेच होते. पाटीवर एकपासून वीसपर्यंत अंक, एकही चूक नाही, पण सगळे तिच्या समोर उभ्या असणाऱ्यासाठी. सात वर्षांची पोर इतक्या सफाईनं उलटं लिहिते हे पाहून मला तिचं कौतुक वाटायच्या ऐवजी भीती वाटली. मी मागं वळून पाहिलं. बाई दारात उभ्या होत्या. "तिला सरळ करू नका, ड्रॉइंग," त्या म्हणाल्या. "ते मी करायचंय." आणि त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. बराच वेळ पुसत राहिल्या.

आवाजाची गोष्ट शाळेच्या कुंपणात किती दिवस राहणार? दानिएलनं घरी सांगितलं, घरून ती किराणा दुकानात गेली, आणि पोळ्याच्या आधी बाबासाहेब शेटे सिस्टरांच्या ऑफिसात येऊन बसले. शेट्यांचं हायवेला ट्रॅक्टरचं गॅरेज, पोरगा बाईंच्या वर्गात. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं ते असं, की पोरांना मास्कमध्ये गुदमरतं, डॉक्टर म्हणतात ऑक्सिजन कमी पडतो. आत त्यांनी सांगितलं ते वेगळं होतं, ते मला सिस्टरांकडून कळलं. "सिस्टर, तोंडं उघडी करा. कोन बोलतंय त्ये एकदा दिसू द्या. न्हाईतर आमी बारा घरं दाखले काढून घेतो." आणि त्यांच्या मागोमाग आलेली तीन-चार बायकांची टोळी उलटच मागत होती. त्यातली एक सिस्टरांना म्हणाली, "मास्क ऱ्हाऊ द्या, सिस्टर. काडल्यावर त्या पोरीचं तोंड मिटलेलं दिसलं, तर मग आमी काय करायचं?"

सिस्टरांनी चर्चच्या हॉलमध्ये पालकांची बैठक बोलावली. शनिवारी सकाळी हॉल भरला. एका बाजूला मास्कवाले, एका बाजूला उघडे, मधे कुणी न सांगता रस्ता पडलेला. प्रकाश ड्यूटी बदलून आला होता, शेवटच्या खुर्चीवर, मांडीवर दोन्ही हात. सुवार्ताला आणलं नव्हतं. शेटे गुदमरण्यावर बोलले, जाधव बाई उच्चारांवर बोलल्या, मास्कवाल्यांतल्या एकानं शेट्यांना तुमच्या घरात कुणी गेलं नाही म्हणून जोर आहे असं ऐकवलं, आणि खुर्च्या सरकायला लागल्या. आवाजाचा शब्द कुणीच काढत नव्हतं. सगळे त्याच्याचसाठी आले होते.

बाई उठल्या. व्यासपीठाकडे गेल्या नाहीत, प्रकाशच्या खुर्चीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पिशवीतून एक निळी डबी काढली. बोटाला चिमट्यासारखं लावून ऑक्सिजन बघायचं ते मशीन. दुसऱ्या लाटेत शिक्षकांना घरोघरी तपासणीची ड्यूटी होती तेव्हाचं.

"प्रकाश," त्या म्हणाल्या, "मी तुझ्या घरी तपासायला आले होते. तू कंपनीत होतास. मी दारातून हाक मारली, मनीषा, आहेस का गं? आतून म्हणाली, हाय ना, बाई." "ती खाटेवर पडलेली. मी तिच्या पायथ्याशी स्टुलावर. सुवार्ता तिच्या उशाशी. मी मशीन बोटाला लावलं. याच्यात मोठा आकडा ऑक्सिजनचा असतो, तेवढाच लिहायचा असं आम्हाला सांगितलेलं. माझ्या चष्म्यावर मास्कची वाफ. पोरीला नुकतेच इंग्रजी आकडे यायला लागले होते, तिनं मोठ्यानं वाचलं. आठ, सहा."

त्यांनी डबी स्वतःच्या बोटाला लावली आणि हात लांब केला. लाल आकडे पेटले.

"मी म्हणाले, चूक. तू तिकडून बघतेस म्हणून तुला उलटं दिसतंय. इकडं ये, बाईच्या बाजूनं बघ. ती उठून माझ्या बाजूला आली, मान वाकडी करून बघितलं आणि म्हणाली, नऊ, आठ. मी तिला शाबास म्हणाले. रजिस्टरला अठ्ठ्याण्णव लिहिलं. मनीषाला म्हणाले, पेज पी, झोप काढ, काही नाही. चौथ्या दिवशी ती गेली. नंतर मी स्वतः तापानं पडले तेव्हा हे माझ्या बोटाला लावलं. माझ्या बाजूनं अठ्ठ्याण्णव. हात फिरवून पलीकडून पाहिलं तर शहाऐंशी. ज्याच्या बोटाला मशीन, त्याच्याच बाजूनं आकडा खरा. उलटं मी बसले होते, प्रकाश. पोरीनं बरोबर वाचलं होतं."

इंग्रजीत 86 लिहून कागद फिरवून बघा. मी त्या दिवशी हॉलमध्ये बसल्या बसल्या पेननं तळहातावर लिहून पाहिलं, आणि माझ्या शेजारचे दोघंही तेच करत होते.

प्रकाशनं ती डबी बाईंच्या बोटावरून काढून हातात घेतली. मग म्हणाला, "तवा कळलं आसतं तर वाचली आसती का, बाई?"

"मला नाही माहीत."

"बेड तर कुटंच नव्हते," तो म्हणाला. तो बाईंना माफ करत होता की नुसता हिशोब लावत होता, हे मला सांगता येणार नाही. "मी तुमाला काय बोलणार? तुमी मला बी शिकवलं, तिला बी. पर पोरगी बोलत न्हाई, बाई. घरातलं कालनिर्णय उलटं टांगती. आजीला एकदाच बोलली, मी पयल्यांदा चूक वाचलं म्हनून आई गेली. मला कळंना, पोर काय वाचल्याचं बोलतीया. आता कळलं." त्यानं नाक पुसलं. "तिला सांगा तेवढं. तुमीच सांगितलं तर तिला पटंल. दुसऱ्या कुनाचं ती ऐकायची न्हाई."

बाईंनी मान हलवली. इतके महिने त्या मुलीचं तोंड झाकून ठेवताना त्या तिला जपत होत्या हे खरं. आणि ते उघडलं तर ती काय विचारेल याची त्यांना धास्ती होती, हेही तितकंच खरं. मला त्यांचा राग आला. एका वाक्यासाठी त्यांनी एवढ्या लेकराला इतके दिवस थांबवलं. तो राग अजून थोडा शिल्लक आहे, आणि तरीही त्या शाळेतलं मला कुणी आठवत असेल तर त्याच आठवतात.

सिस्टरांनी सोमवारपासून मास्क ज्याच्या त्याच्या मर्जीवर असं जाहीर केलं. टाळी कुणी वाजवली नाही. शेटे सगळ्यांत आधी उठले आणि जाताना बाईंच्या पाया पडले.

त्या सोमवारी दुपारी बाईंनी नोकरी सोडल्याचं पत्र दिलं. निवृत्तीला दोन वर्षं होती. आता त्या नागापूरला भाच्याकडे असतात. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा भाचा दारातच म्हणाला, मावशी हाय बरी, पर कुनाला भेटत न्हाई. आतून काही आवाज येतो का म्हणून मी उगाच रेंगाळलो. एमआयडीसीचा भोंगा तेवढा झाला. म्हणून माझ्यापाशी आहे ती त्या सोमवारची सकाळ.

मी खिडकीशी आधीच जाऊन उभा होतो, हे लपवत नाही. अगस्तीन मामाही झाडू घेऊन त्याच जागी झाडत होते. प्रार्थना संपली. बाई फळ्याकडे वळल्या नाहीत. वर्गाकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि त्यांनी मास्क काढून घडी करून टेबलावर ठेवला.

साधा चेहरा होता. वरचा ओठ आखूड, पुढच्या दोन दातांत फट, हनुवटीवर खळी. मास्कच्या खालचा भाग वरच्यापेक्षा उजळ राहिलेला. पोरं आ वासून बघत होती, कारण त्यांनीही तो कधी पाहिला नव्हता. "बाई, तुमी अशा हायेत?" दानिएल म्हणाला. बाई हसल्या. मग पोरांनीही एकेक करून मास्क काढले. सुवार्तानं काढला नाही.

बाईंनी फळ्यावर मोठे, ठळक इंग्रजी आकडे काढले. 86. मग त्या जाऊन सुवार्ताच्या बाकावर, तिच्या शेजारी, तिच्याच बाजूनं बसल्या.

"वाच," त्या म्हणाल्या.

सुवार्ता फळ्याकडे बघत राहिली. तिनं मान वाकडी केली, जवळजवळ खांद्यापर्यंत. बाईंनी तिची मान हातानं सरळ केली.

"तुझ्या बाजूनं वाच."

जांभळा मास्क आत ओढला गेला, बाहेर आला. "आठ, सहा," सुवार्ता म्हणाली. बारीक, खरखरीत, न वापरलेला आवाज.

"बरोबर," बाई म्हणाल्या. "त्या दिवशीही बरोबर होतं. तू चुकली नव्हतीस. बाई चुकली होती. कळलं?"

मुलीनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. खूप वेळ, एखादं अक्षर पहिल्यांदा बघावं तसं. मग तिनं स्वतःच कानामागची नाडी सोडली. मामांच्या हातून झाडू पडला, तो त्यांनी उचलला नाही.

बाई टेबलाशी गेल्या. रजिस्टर उघडलं आणि समोर बघत हजेरी घ्यायला सुरुवात केली. एकेक नाव, एकेक उघडं तोंड. आम्ही दोघं मोजत होतो, तिचं नाव सतरावं.

"सुवार्ता प्रकाश."

"हजर, बाई," सुवार्ता म्हणाली, आणि तिचं तोंड मिटलं. मी तिच्याच ओठांकडे बघत होतो, सगळं गाव ज्यासाठी भांडलं तेच बघायला. ते मिटलेलेच राहिले. दोन श्वासांइतका वेळ गेला.

"हाय ना, बाई."

मी मान वळवली. बाईंची नजर रजिस्टरात होती, पेन सतराव्या ओळीवर टेकलेलं. हलले ते त्यांचे ओठ होते. फटीच्या दातांवरून, आखूड वरच्या ओठाखालून ते शब्द बाहेर आले, आणि आवाज त्यांचा नव्हता. शेजारी मामा नुसतं "मनीषा" म्हणाले. बाईंनी शब्द संपताच डोकं वर केलं, आवाज कुठून आला ते बाकांवर शोधत.

वर्गात एकही पोर घाबरलं नाही. त्यांना तो फळ्याच्या बाजूनंच येतो हे पहिल्यापासून माहीत होतं. सुवार्ता बाकावरून उठली, टेबलाशी गेली आणि बाईंच्या पदराला धरून उभी राहिली.

"बाई," ती म्हणाली, "परत म्हना ना."

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"काय म्हणू गं?" त्यांनी विचारलं.